‘नातेवाईक बाहेर व्हा!’ आणि ‘नातेवाईक कुठं गेले?’

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. पण तुमच्या घरातलं कुणी कधी दवाखान्यात आठ दिवस पडून राहिलं असेल, तर वाचाच.

२०१९ च्या पावसाळ्यात अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही सतरा दिवस एका सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात काढले. रुग्णालयाचं नाव देत नाही. नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. सकाळी दहाला डॉक्टरांचा राऊंड यायचा. त्याच्या पाच मिनिटं आधी दारातून आरोळी यायची, “नातेवाईक बाहेर व्हा! सगळे बाहेर!” आई पदर सावरत, पिशवी उचलत व्हरांड्यात जाऊन उभी राहायची. अकरा वाजता दुसरी आरोळी. “बारा नंबरचे नातेवाईक कुठं गेले? रक्त लॅबला द्यायचंय!” मग मी धावायचो. सीटी स्कॅनला स्ट्रेचर ढकलायला नातेवाईक, बाहेरून औषध आणायला नातेवाईक, रात्री अण्णांची चादर ओली झाली की बदलायला नातेवाईक. सतरा दिवसांत आम्हाला वॉर्डातून किमान पन्नास वेळा बाहेर काढलं असेल, आणि किमान पन्नास वेळा शोधून आत आणलं असेल.

यात सिस्टरांना शिव्या घालायच्या नाहीत. रात्रपाळीला चाळीसच्या आसपास खाटा आणि एक सिस्टर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती ओरडली नसती तरच नवल. मला प्रश्न पडला तो वेगळाच. हे दोन्ही हुकूम एकाच तोंडातून येतात, हे सुरू कधी झालं? वॉर्डात आम्ही नक्की कोण असतो? पाहुणे, अडथळा की बिनपगारी कर्मचारी? अण्णा गेल्यावर थोडं थोडं वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते मांडतोय.

सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासूनच करावी लागते. दिवा घेतलेली बाई म्हणून आपण तिला शाळेच्या पुस्तकात भेटलेलो असतो. तिचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक १८५९ चं. मी समजत होतो की ते नर्सच्या कोर्सचं पाठ्यपुस्तक असणार. तसं ते नाही. प्रस्तावनेतच बाई सांगून टाकतात की नर्सना शिकवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. ज्या बायकांवर घरातल्या माणसाच्या प्रकृतीची जबाबदारी येते त्यांच्यासाठी आहे, आणि अशी जबाबदारी प्रत्येक बाईवर कधी ना कधी येतेच. म्हणजे आधुनिक नर्सिंगचं पहिलं गाजलेलं पुस्तक लिहिलं गेलं ते माझ्या आईसारख्या बाईसाठी. हवा खेळती कशी ठेवायची, अंथरूण कसं घालायचं, आजाऱ्याला खायला कधी आणि कसं द्यायचं, खोलीत आवाज किती असावा, हे त्यात आहे. भेटायला येणाऱ्यांवर तर एक आख्खं प्रकरण आहे. काही माहिती नसताना ‘काही होत नाही हो, बरे व्हाल’ असा पोकळ धीर देणाऱ्यांवर बाईंनी असा काही राग काढलाय की वाचताना मला आमचे तीन-चार पाहुणे नावानिशी आठवले.

पुढच्याच वर्षी, १८६० साली, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नाइटिंगेलच्या नावाने नर्सिंगची शाळा सुरू झाली. नर्स हा शिकून करायचा, मान असलेला पेशा झाला. हे फार मोठं काम होतं, आणि लाखो बायकांना त्यातून स्वतःच्या पायावर उभं राहता आलं. पण माझ्या वाचनातून मला असं वाटतं की इथेच एक वाट फुटली. पुस्तक घरातल्या बाईसाठी होतं, शाळा वॉर्डातल्या नर्ससाठी. पुढे शाळा वाढत गेल्या आणि घरातली बाई हळूहळू अभ्यासक्रमाच्या बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिली.

आता आपल्याकडे या. मुंबईत जे. जे. रुग्णालय १८४५ पासून. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं ससून १८६७ पासून. बायकांसाठी कामा रुग्णालय १८८६ पासून. तिथे एडिथ पीची या डॉक्टरबाईंनी नर्सच्या शिक्षणाचा वर्गही सुरू केला. म्हणजे सोय होती. पण ज्याला घरदार आहे त्याने दवाखान्यात जाऊन पडायचं, ही कल्पनाच तेव्हाच्या माणसाला झेपणारी नव्हती. आजारी माणसाला पाणी कोण पाजणार, त्याला शिवणार कोण, त्याची घाण कोण काढणार, हे सगळं नात्याने आणि जातीने ठरलेलं. ज्याला कुणी नाही तो दवाखान्यात, असा हिशोब.

आणि मग १८९६ साली मुंबईत प्लेग आला.

प्लेगचा इतिहास आपण रँडच्या खुनापुरता शिकतो. चापेकर बंधू, २२ जून १८९७, गणेशखिंड, झालं. पण लोक चिडले कशाने, ते नीट पाहिलं तर त्यात दवाखाना आणि नातेवाईक हा झगडा जागोजागी दिसतो. २९ ऑक्टोबर १८९६ ला मुंबईत गिरणी कामगारांचा हजारेक लोकांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. लोकांची पक्की समजूत होती की तिथे माणसं बरी करायला नेत नाहीत, मारायला नेतात. आत काय चालतं ते पाहायला घरचं कुणी नाही आणि नेलेला माणूस परत येत नाही, म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात सोजीर घरात शिरून माणसं शोधू लागले. रोगी एका ठिकाणी, घरचे दुसऱ्या छावणीत.

यातून वाट निघाली ती मला फार शिकवणारी वाटते. वेगवेगळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालयं काढली. पुण्यात हिंदू प्लेग हॉस्पिटल निघालं, त्याच्या मागे टिळक होते. तिथली औषधं काही वेगळी नव्हती. प्लेगवर तेव्हा औषध होतं तरी कुठं? वेगळेपण एवढंच की तिथली माणसं आपली वाटत होती. अर्थात यात जातही होती, ते लपवण्यात अर्थ नाही. ‘आपलं’ म्हणजे कुणाचं, हा प्रश्न तेव्हाही होता. म्हणूनच त्याच साथीत सावित्रीबाई फुल्यांनी केलं ते उठून दिसतं. मुलगा डॉ. यशवंत याच्यासोबत त्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना चालवला, मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगचं पोर स्वतः उचलून आणलं, आणि १० मार्च १८९७ ला त्याच रोगाने गेल्या. वय सहासष्ट. कुठल्याही शाळेत त्या नर्सिंग शिकलेल्या नव्हत्या.

पुढचा धागा पुण्यातच सापडतो. रमाबाई रानडे म्हटलं की आठवणींचं पुस्तक आणि न्यायमूर्ती डोळ्यांपुढे येतात. पण १९०९ पासून त्यांनी आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, त्याचं एक मोठं काम होतं मुलींना, विशेषतः विधवांना, ससूनमध्ये नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवणं. त्या काळात चांगल्या घरच्या बाईने परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, सगळ्या जातींच्या माणसांना हात लावायचा आणि रात्रपाळी करायची, म्हणजे घराण्याचं नाक कापण्यासारखं होतं. रमाबाईंनी त्यासाठी वसतिगृह काढलं, घरोघरी समजूत घातली. ससूनच्या वॉर्डात जाणाऱ्या या बायका घर आणि दवाखाना अशा दोन्ही भाषा जाणणाऱ्या होत्या. खाटेशेजारी बसलेल्या खेडवळ सासूला काय सांगायचं आणि कसं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज पडली नसणार. पण हे त्यांचं घरून आणलेलं शहाणपण. ते अभ्यासक्रमात उतरलं नाही.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा तो पहिला मोठा ताळेबंद. त्यातला नर्सचा आकडा वाचून मी पान उलटायचं विसरलो. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात साधारण ७,००० नर्स. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक.

मग दवाखान्यात आजाऱ्यांना भरवत कोण होतं? कूस कोण बदलत होतं? बेडपॅन कोण देत होतं? उत्तर सरळ आहे. नातेवाईक, आणि शिकाऊ पोरी. नर्सिंगच्या विद्यार्थिनी म्हणजे दवाखान्याला मिळालेले स्वस्त हात. पोरी दिवसभर वॉर्डात राबायच्या आणि उरलेल्या वेळात शिकायच्या. त्यांची राहणी, कामाचे तास, वागणूक यांबद्दल भोर समितीनेही कडक लिहिलंय. त्याच १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले, १९४७ मध्ये भारतीय नर्सिंग परिषदेचा कायदा झाला, १९६४ मध्ये मुंबईत एस.एन.डी.टी.चं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज आलं. शिक्षण सुधारत गेलं. पण दवाखान्याचा सगळा डोलारा ज्या दोन पायांवर उभा होता, त्यातल्या एकालाच शाळा मिळाली. दुसरा पाय, म्हणजे नातेवाईक, कागदावर नव्हताच.

तो ज्याला दिसला तो माणूस डॉक्टर नव्हता, मंत्री नव्हता. गाडगेबाबांनी १९५४ मध्ये जे. जे. रुग्णालयाला येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. गावाकडून आलेली माणसं फूटपाथवर झोपतात, चूल मांडायला जागा नाही, हे त्यांनी पाहिलं आणि सोय केली. माझ्या मते आपल्या राज्यात नातेवाइकाला आरोग्यव्यवस्थेचा भाग मानणारं हे सुरुवातीच्या कामांपैकी एक. त्याला संशोधन वगैरे कुणी म्हणणार नाही.

संशोधन झालं ते अमेरिकेत, बऱ्याच उशिरा. नॅन्सी मोल्टर नावाच्या नर्सने १९७९ मध्ये एक साधी गोष्ट केली. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या चाळीस नातेवाइकांना तिने विचारलं, तुम्हाला काय हवं असतं? ४५ गोष्टींची यादी दिली आणि महत्त्व लावायला सांगितलं. सगळ्यांत वर काय आलं? आशा. त्यानंतर, आपल्या माणसाची इथल्या लोकांना खरोखर पर्वा आहे असं वाटणं, जवळपास बसायला जागा, काही बदललं तर कळवणं, विचारलेल्याचं खरं उत्तर. स्वतःच्या आरामाचं, काळजीचं लोकांनी खाली टाकलं होतं. आणि यातल्या बऱ्याच गरजा भागवत होत्या त्या नर्सच. हा अभ्यास पुढे जगभर पुन्हा पुन्हा केला गेला. मी वाचताना हसलो, कारण आमच्या व्हरांड्यातल्या कुठल्याही बाकड्यावर ही यादी फुकटात मिळाली असती. पण विचारायला कुणीतरी लागतं ना.

आपल्याकडचं एक संशोधन मला त्याहून मोलाचं वाटतं. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आईबापांना आत घेत नसत. कारण एकच, जंतुसंसर्ग. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात याची नीट चाचणी झाली. काही बाळांच्या घरच्यांना शिकवून आत घेतलं, हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंत. काहींची देखभाल नेहमीसारखी ठेवली. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. घरचे आत आल्याने संसर्ग वाढला नाही, आणि घरी जाताना निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं जास्त निघाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्या नातेवाइकाला आपण दीडशे वर्षं जंतू समजत आलो, तो शिकवला तर कामाचा निघाला. बंगळूरूला हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डातून सुरू झालेलं नूरा हेल्थ या संस्थेचं कामही याच वाटेचं. नर्सनीच नातेवाइकांचा वर्ग घ्यायचा, घरी गेल्यावर काय करायचं ते करून दाखवायचं. आता महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांत ते चालतं.

आणि २०१७ म्हटलं की आपल्याला दुसरंच काही आठवतं. मार्चमध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी मारलं, राज्यभरचे निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले, त्यातून सुरक्षारक्षक आले आणि एका रुग्णामागे दोनच पास आले. मारहाणीचं समर्थन कोणत्याही परिस्थितीत होऊ शकत नाही, त्यासाठी २०१० चा कायदा आहे आणि तो वापरलाच पाहिजे. पण एकाच वर्षी दिल्लीत नातेवाइकाला शिकवून आत घेतलं आणि इथे पास देऊन मोजून घेतलं. पास मिळाला तरी आत जाऊन काय करायचं, ते कोण सांगणार?

आता एक वेगळं उदाहरण, लिहिताना हात जड होतो. अरुणा शानबाग. के.ई.एम.मधली नर्स. नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच तिच्यावर अत्याचार झाला आणि ती पुढे बेचाळीस वर्षं, १८ मे २०१५ पर्यंत, त्याच रुग्णालयाच्या एका खाटेवर होती. नर्सच्या पिढ्या बदलल्या. नव्या मुली यायच्या, त्यांना जुन्या शिकवायच्या. तिला हलवायचं घाटलं तेव्हा नर्सनी संप केला. २०११ मध्ये दयामरणाच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला, तेव्हा तिच्या वतीने बोलण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न होता. न्यायालयाने तो के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांना दिला. इतकी वर्षं अंथरुणात असून तिच्या अंगावर एकही बेडसोअर नव्हता, याची नोंद त्या निकालात आहे.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. कारण आमच्या अण्णांना घरी आणल्यावर अकराव्या दिवशी माकडहाडाजवळ जखम झाली होती.

डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत तीन ओळी होत्या. पाठीची काळजी, नळीने आहार, व्यायाम. मला इंग्रजी वाचता येतं. पण ‘पाठीची काळजी’ म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, आणि बदलताना माणूस ओढायचा नाही, उचलायचा, हे त्या तीन शब्दांत कुठं लिहिलेलं असतं? आम्ही प्रेमाने अण्णांना पाठीवर सरळ, स्वस्थ झोपवून ठेवलं. त्यांना त्रास नको म्हणून रात्री उठवलंच नाही. जखम आमच्या प्रेमाने झाली. पुढे ती चिघळली. त्यातून ते उठले नाहीत.

एक गोष्ट मात्र आम्हाला नीट येत होती. नाकातल्या नळीने भरवताना डोकं उशांनी उंच करायचं आणि भरवून झाल्यावर अर्धा तास तसंच ठेवायचं. ती शिकवली एका शिकाऊ मुलीने. जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला होती. एका रात्री आईला म्हणाली, “काकू, इकडे या. मी नाही करत, तुम्ही करा. मी बघते.” आईचे हात थरथरत होते. पोरीने तीनदा करून घेतलं, आणि चौथ्यांदा आईलाच विचारलं, “आता मला सांगा, डोकं वर का ठेवायचं?” आई म्हणाली, “नाहीतर ठसका लागंल, छातीत जाईल.” पोरगी हसली. दुसऱ्या दिवशी तिला वरून ऐकावं लागलं, “इथं नातेवाइकांशी गप्पा मारायला येतेस का?” तिच्या हातात एक वही असायची, किती इंजेक्शनं दिली, किती ड्रेसिंग केली, त्याची नोंद आणि सही. आईला शिकवलेल्या पंचवीस मिनिटांसाठी त्यात रकाना नव्हता.

म्हणजे शिक्षणात हा विषयच नाही असं नाही. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात संवाद आहे, आरोग्यशिक्षण आहे. ‘हेल्थ टॉक’ असतो. मुली रात्र जागून चार्ट पेपरवर स्केचपेननं चित्रं काढतात, वॉर्डात उभं राहून समतोल आहारावर दहा मिनिटं बोलतात, शिक्षिका गुण देतात, चार्ट गुंडाळला जातो. समोर बसलेल्या बाईचा नवरा त्या दिवशी घरी जाणार असतो आणि तिला लघवीची पिशवी रिकामी करता येत नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या वहीत रकाना हवा. अमुक इतक्या कुटुंबांना कूस बदलणं, भरवणं, पिशवी सांभाळणं शिकवलं, नातेवाइकाने स्वतः करून दाखवलं, सही. परीक्षेला त्याचे गुण. डिस्चार्जच्या दिवशी नाही, दाखल झाल्यापासून. आणि कार्डावरच्या त्या तीन ओळी मराठीत.

यावर एका ओळखीच्या सिस्टरांनी मला सुनावलं, ते इथे लिहिणं भाग आहे. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमचं पटतं. पण सरकार काय करंल माहितीय का? नातेवाईक शिकले, आता जागा भरायची गरज नाही, म्हणंल.” ही भीती खरी आहे. शिकलेला नातेवाईक म्हणजे फुकटची नर्स, असं कुणी समजणार असेल तर माझं सगळं मुसळ केरात. अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स असं नर्सिंग परिषदेचं प्रमाण आहे. आधी त्या जागा भरा. शिकवायला वेळ लागतो, आणि एकटी सिस्टर चाळीस खाटांना तो कुठून देणार? रिकामी जागा शिकाऊ पोरींनी आणि नातेवाइकांनी भरायची, हा तर ४३,००० माणसांमागे एक नर्स होती तेव्हाचाच खाक्या झाला.

गेल्या दिवाळीत आमच्या शेजारच्या आजी खुब्याचं हाड मोडून दवाखान्यातून घरी आल्या. त्यांची सून गोंधळलेली, दारात उभी. आई गेली, डॉक्टरांनी कुठल्या कुशीवर चालेल म्हणून सांगितलंय ते आधी विचारलं, पलंगाजवळ उभी राहिली आणि सुनेला म्हणाली, “तू लाव हात. मी बघते.”